आधी निळं, मग तांबडं

शनिवारी तास संपले की मी प्रयोगशाळेचं दार लोटून घ्यायची आणि यादी काढायची. यादी मीच केलेली, वहीच्या पाठकोऱ्या पानावर, मराठीत. बीदरच्या त्या कॉलेजात मराठीत लिहिलेलं तेवढं एकच पान असावं. मी टेबलाच्या या टोकाला उभी राहून एकेक नाव पुकारायची आणि त्या टोकाला प्रयोगशाळेचे शिपाई, आमचे अण्णा, त्या वस्तूला हात लावून बघायचे.

"वाळूची बादली?"

"व्हय."

"गॅसचे नळ?"

"व्हय. तिसरा जरा ढिला हाय."

"डोळ्यांची बादली?"

"व्हय. सकाळीच पाणी बदललो."

डोळ्यांची बादली हे नाव माझंच. स्वच्छ पाण्याने भरलेली, वर ताटली झाकलेली बादली. डोळ्यांत काही उडालं तर थेट तोंड बुडवायला. तिला कोणी हात धुवायला हात लावला तर मी त्याची पिसं काढायची.

सुरक्षेच्या तपासणीचं हे काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नसतं लचांड नको होतं. मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची, विज्ञान विभागात एकटी बाई. मला कामात हयगय खपत नाही. आई म्हणायची, हिला तांदळात खडा सापडला नाही तर ही बाहेरून आणून टाकेल आणि मग वेचत बसेल.

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी उदगीरची. आमचा उदगीर एके काळी बीदर जिल्ह्यातलाच. मग नकाशावर रेघ ओढली गेली आणि दोन-अडीच तासांच्या बसप्रवासावर मी परराज्यातली झाले. स्टाफरूममध्ये गप्पा कानडीत चालायच्या. मला कानडी एवढीच यायची की आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळावं, पण त्यात शिरता येऊ नये. कोणी वाईट वागलं असं नाही. मी आत आले की ते सरकून जागा द्यायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे. संध्याकाळी खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवायची. एका माणसासाठी पीठ मळताना अंदाज हमखास चुकतो. रोज एक भाकरी उरायची आणि ती उरलेली भाकरी बघून मला रोज वाईट वाटायचं.

म्हणून अण्णांचं मला अप्रूप होतं. ते हळ्ळीखेडचे, धनगराच्या घरातले, चाळिशी गाठलेले. सकाळच्या बसने यायचे. आधी ऑफिसात पाणी भरायचे, घंटा द्यायचे. जूनमध्ये त्यांना प्रयोगशाळेत पाठवलं, रोजंदारीवरच. वर्षभर काम नीट झालं तर कायम करू, असं प्राचार्यांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. त्या एका शब्दावर त्यांचं सगळं लक्ष होतं. बायकोला दमा, दोन मुली लग्नाच्या. पावसात बस चुकली तर वाटेत मिळेल त्या ट्रकमध्ये बसून यायचे, पण वेळ चुकू द्यायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी एका बाटलीवरची इंग्रजी चिठ्ठी दाखवून विचारलं होतं, वाचता येतं का? ते म्हणाले, "हे न्हाई येत, बाई." मग कानडी चिठ्ठी दाखवली. "हे बी न्हाई येत." मी मान हलवली आणि वहीत लिहून टाकलं: निरक्षर. त्यातलं 'हे' माझ्या कानावरून गेलं. मला वाटायचं, मी कान टवकारून जगते.

ते ॲसिडला तेजाब म्हणायचे. गंधकाचा तेजाब, शोऱ्याचा तेजाब. मी त्यांना चिडवायची, की अण्णा, तुम्ही तर मोठे हकीमच. ते हसायचे. हे शब्द कुठून आले, हे मी विचारलं नाही. बीदरात सगळेच असं बोलतात, असं समजून सोडून दिलं.

तीव्र ॲसिड पातळ करायचं काम मी कोणाला देत नव्हते. त्याचा नियम एकच: आधी भांड्यात पाणी घ्यायचं, मग त्यात ॲसिड थेंबाथेंबाने सोडायचं. उलट केलं, ॲसिडवर पाणी ओतलं, की ते क्षणात उकळतं आणि तोंडावर उडतं. फेब्रुवारीत, प्रात्यक्षिक परीक्षेच्या चार दिवस आधी, उदगीरहून तार आली: वडील दवाखान्यात. दोनची बस होती. पातळ सल्फ्युरिकच्या बाटल्या भरायच्या राहिलेल्या. मी एक जुनी फळी घेतली आणि तिच्यावर रंगाने दोन बाटल्या काढल्या. डावीकडे निळी, पाण्याची, वर नळ. उजवीकडे तांबडी, ॲसिडची. आधी निळं, मग तांबडं. बाण काढायला मी विसरले नव्हते. बाणाची गरजच वाटली नाही. तोंडचं बोलणं माणूस विसरतो, डोळ्यांसमोरचं विसरत नाही, हा माझा लाडका सिद्धांत. फळी भिंतीला ठोकली आणि अण्णांना म्हटलं, पाणी आणि तेजाब कसं घालायचं ते इथं आहे. "आहे तसंच करायचं. आपल्या मनानं काही करायचं नाही." एवढं सांगून मी बससाठी पळाले.

वडील त्या खेपेला वाचले. पाचव्या दिवशी मी परत आले तेव्हा अण्णा सरकारी दवाखान्यात होते. डावा गाल आणि डावा हात भाजलेला, डाव्या डोळ्यावर पट्टी. त्यांनी आधी ॲसिड घेतलं होतं आणि त्यावर पाणी ओतलं होतं. उडाल्याबरोबर त्यांनी डोळ्यांच्या बादलीत तोंड बुडवलं, म्हणून उजवा डोळा वाचला. डाव्यावर पुढे पांढरा पडदा राहिला तो राहिलाच. मी खाटेजवळ उभी राहून विचारलं, अण्णा, मी फळी लावून गेले होते ना, मग उलटं कसं केलंत? ते म्हणाले, "उलटं न्हाई केलो, बाई. हाय तसंच केलो." मला वाटलं, माणूस भेदरलाय, नोकरीच्या भीतीने बोलतोय. मला कीव आली आणि थोडा रागही आला.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. अहवाल मी इंग्रजीत लिहिला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. फलक जागेवर होता. नोकर निरक्षर असल्यामुळे सूचना चित्रातून दिली होती. त्याने फलकाच्या उलट कृती केली. माझी स्वतःची नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती, आणि फलकाला दोष नाही हे लिहिताना मला हायसं वाटलं, हेही आज सांगून टाकते. कारकुनाने तो त्यांना कानडीत करून सांगितला. मग सहीची वेळ आली. कारकुनाने शाईची डबी त्यांच्यापुढे सरकवली. अण्णांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेनाकडे. उजवा हात थोडा पुढे आला. मला वाटलं, मी कागद धरावा असं त्यांना हवंय. मी कागद धरला. त्यांनी अंगठा उठवला.

पुढच्या आठवड्यात त्यांना कामावरून कमी केलं. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. कानडी बोलणारा, चोख, माझ्यापेक्षा काटेकोर. शनिवारी मी यादी पुकारली की तो "हौदु" म्हणायचा. हौदु म्हणजे व्हयच. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण कधी कधी शनिवारी यादी हातात घेतल्यावर लक्षात यायचं की आठवड्याभरात तोंडातून निघालेला हा पहिला मराठी शब्द आहे, आणि तो 'वाळूची बादली' आहे.

जूनमध्ये काचसामानाच्या पेट्या आल्या. गावाबाहेर कोळारला नवे कारखाने आणि गोदामं होत होती, तिथल्या एका गोदामात त्या उतरवल्या होत्या. फुटतूट बघायला मी गेले. फाटकाशी स्टुलावर एक पहारेकरी पेपर वाचत बसला होता. डोळ्याजवळ धरलेला, मान तिरकी करून, एका डोळ्याने. ते अण्णा होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, बसा म्हणाले, वडिलांची तब्येत विचारली. मी पेपराकडे बघत होते. पेपर उर्दू होता.

मी विचारलं, "अण्णा, हे वाचता येतं तुम्हाला?"

"व्हय. निझामाच्या साळंत चार बुकं शिकलो न्हवं. तवा समदं उर्दूतच व्हतं."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"कुणी इचारलं न्हाई, बाई."

खरंच कोणी विचारलं नव्हतं. हळ्ळीखेडचा धनगर, मराठी बोलणारा. त्याला उर्दू येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते पुन्हा बसले आणि सवयीने त्यांचं बोट ओळीवर गेलं. उजवीकडून डावीकडे सरकलं. मी ते बोट बघत राहिले. मी पर्समधून वही काढली, दोन बाटल्या काढल्या, डावीवर निळं आणि उजवीवर तांबडं लिहून त्यांना तोंडाने सांगितलं, आणि विचारलं, यात पहिली कुठली? त्यांनी क्षणभरही विचार न करता उजव्या बाटलीवर बोट ठेवलं.

"तांबडी."

त्यांनी फळी वाचली होती. नीट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यांना शाळेत वाचायला शिकवलं होतं तशी. आहे तसंच केलं होतं. मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. गालावरच्या वणावरून हात फिरवला.

"म्हंजे मी बराबर केलो?"

"तुम्ही बरोबर वाचलंत. मी चुकीचं मांडलं."

ते रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "डोळ्याचं जाऊ द्या. पर कागदावर मला अडाणी कामून लिहिलाव? मला पेन पायजे व्हतं, बाई. तुमच्या हातात व्हतं."

तिथंच, त्या स्टुलावर बसून, मी नवं निवेदन लिहिलं. फलक सदोष होता, त्यावर बाण नव्हता, चूक माझी. कामगार साक्षर असून उर्दू चौथी शिकलेला आहे. त्यांना वाचून दाखवलं. मग माझं पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टाला पुसलं आणि सही केली. सावकाश, उजवीकडून, अक्षरांवरचा एकही नुक्ता, एकही ठिपका न गाळता.

चार दिवसांनी ऑफिसने कागद परत केला. आधीच्या अहवालावर अंगठा आहे, ही सही त्याच माणसाची कशावरून? अंगठा घेऊन या, मग कायम करायच्या यादीत पुन्हा नाव घालता येतं का ते बघू. रविवारी मी पुन्हा कोळारला गेले. शाईची डबी पर्समध्ये होती, पण ती बाहेर काढायची मला लाज वाटली. मी नुसतं तोंडाने सांगितलं. नोकरी मिळू शकते, हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. मुलींची आठवण दिली. त्यांनी कागद हातात घेऊन स्वतःची सही पाहिली.

"एकदा दिलो अंगठा. आता न्हाई देत. माझी सही हाय ती, बाई. चालंना तर ऱ्हाऊ द्या."

मी कागद तसाच पुन्हा दिला. त्यांच्या नोकरीचं काही झालं नाही. मला मात्र लेखी ताकीद मिळाली: कामात हयगय. तो शब्द मला लागायला हवा तिथं लागला. त्यानंतर मी दोनदा कोळारला जाऊन आले, मग जायचं सोडलं. अण्णा कधी काही बोलले नाहीत, पण त्यांचा पांढरा डोळा समोर असला की मला बोलायला सुचायचं नाही. पुढे कळलं की ते हळ्ळीखेडला कायमचे परत गेले.

फळीवर मी बाण काढला. नवा माणूस आला की, काय वाचता येतं, असं विचारून थांबायला लागले. उत्तर पूर्ण होईपर्यंत. आणखी अकरा वर्षं मी त्या प्रयोगशाळेत काढली. पुढे तपासणीला सोबतीला माणूस देणं बंद झालं आणि शनिवारी मी एकटीच राहायची. तरी यादी मोठ्यानेच वाचायची, मराठीत. वाळूची बादली, असं म्हणायची आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबायची. मग टेबलाला वळसा घालून त्या टोकाला जायची, बादलीला हात लावायची आणि व्हय म्हणायची.