इस्त्री न मोडलेला सेंटर हाफ

"कपडे बघा त्याचे. इस्त्रीसुद्धा मोडली न्हाई अजून."

मांडवातल्या पहिल्या रांगेत बसलेले एक डायरेक्टर शेजारच्या डायरेक्टरांना सांगत होते. मी त्यांच्या मागे लोखंडी खुर्चीवर लिहायचं पॅड घेऊन बसले होते. मैदानावर आमच्या साखर कारखान्याचा हॉकी संघ नगरच्या छावणीतल्या फौजी संघाशी खेळत होता. ज्याच्या इस्त्रीबद्दल तक्रार होती तो आमचा सेंटर हाफ, पुढच्या फळीच्या मागे मधोमध खेळणारा. त्याच क्षणी त्याने समोरून आलेला चेंडू अडवला, मान वर केली आणि शांतपणे डावीकडे ढकलून दिला. तिथून गोल झाला. डायरेक्टरांनी गोल करणाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"आणि बाकीची पोरं बघा, कशी लोळत्यात!"

लोळत होती हे खरंच होतं. का लोळत होती, ते सांगायला हवं.

चेअरमनसाहेब एकदा छावणीतल्या सामन्याला प्रमुख पाहुणे म्हणून गेले. तिथे त्यांच्या गळ्यात हार पडला, ब्रिगेडियरशी हस्तांदोलन झालं, आणि परतताना जीपमध्येच कारखान्याचा हॉकी संघ स्थापन झाला. तोवर कारखान्याचा खेळ म्हणजे कुस्ती. सगळ्या संचालक मंडळाला कुस्ती मुळापासून कळे, त्यामुळे हॉकीही कळणारच, यात कुणाला शंका नव्हती. कुस्तीत पैलवानाची पारख मातीवरून होते, तशीच इथेही सुरू झाली. सामना संपला की खेळाडू मांडवासमोर रांगेत उभे राहत आणि मंडळ त्यांचे कपडे तपासून बघे. गुडघे मळलेले असले तर पोरगं कष्टाळू. पाठ मळलेली असली तर मात्र काम वाईट, कारण पाठीला माती लागणं म्हणजे काय ते साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

पोरं हुशार होती. दोन सामन्यांत ती फक्त पुढच्या अंगाला पडायला शिकली. लेफ्ट आउट तर चेंडू बाहेर गेल्यावरही सवडीने गुडघ्यांवर पडून घेत असे. पाऊस नसल्यामुळे मैदानावर हातभर फुफाटा होता. त्या बाबतीत दुष्काळाने संघाला मोठीच मदत केली. ऊसही जेमतेम मिळाल्याने गाळप लवकर आटोपलं होतं आणि मंडळाला हॉकीकडे लक्ष द्यायला भरपूर वेळ होता.

मी तिथे का, तर इंग्रजीसाठी. माझे वडील कारखान्यात चीफ केमिस्ट. मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगला राहून शिकले आणि परत आल्यावर ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. कुस्तीचं इतिवृत्त मराठीत लिहीत. हॉकीचं इंग्रजीतच शोभतं, असं चेअरमनसाहेबांचं मत होतं. माझं मराठी ऐकून लोक गालात हसत, म्हणून मी फारसं बोलत नसे. ते त्याला शिष्टपणा म्हणत. मी म्हणू देई. त्यात सोय होती.

शाळेत मी हॉकीच्या संघात होते. म्हणजे राखीव गोलकीपर होते आणि आमची गोलकीपर कधी आजारी पडली नाही. त्यामुळे मी हॉकी खेळले कमी आणि पाहिली पुष्कळ. बाकावर बसलेल्याला चेंडू कमी दिसतो, माणसं जास्त दिसतात.

आमच्या संघात दिसत होतं ते असं. कारखान्याचे गट पाच आणि हॉकीत फॉरवर्डही पाच. गोल फॉरवर्ड करतात हे कळल्याबरोबर प्रत्येक गटाच्या डायरेक्टरांनी आपला एकेक पोरगा पुढच्या फळीत बसवला. मागे खेळायला कुणालाच आपलं पोरगं द्यायचं नव्हतं. डावीकडे शेजारी-शेजारी खेळणाऱ्या लेफ्ट इन आणि लेफ्ट आउट यांचे डायरेक्टर गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून ती दोन पोरंही एकमेकांना चेंडू देत नसत. सेंटर हाफने हे कुणी न सांगता ओळखलं होतं. तो लेफ्ट आउटला सरळ स्वतःच चेंडू पोचवायचा. मंडळातल्या अबोल्यातूनही वाट काढणारा कारखान्यातला तो एकमेव माणूस असावा.

त्याचे वडील छावणीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. फौजी लोकांचा खेळ बघत आणि त्यांच्यात घुसत तो वाढला. घरात कुणाच्या नावावर कारखान्याचा शेअर नव्हता, म्हणजे त्याला गट नव्हता. बॉयलरवर तो हंगामी होता. संघात राहिलेल्यांना कारखाना कायम करणार होता. उरलेले हंगामी लोक घरी जाणार होते. घरी म्हणजे दुष्काळी कामावर, खडी फोडायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, संघात कोण राहणार ते ठरवायला, गेस्ट हाउसमध्ये मंडळाची मीटिंग बसली. निघताना वडील म्हणाले, "लिहून घे. मत देऊ नकोस." सांगायची गरज नव्हती. बिनलग्नाच्या मुलीने मीटिंगमध्ये एखाद्या तरुण पोराची बाजू घेतली, तर संध्याकाळच्या आत कॉलनीच्या पिठाच्या गिरणीत तिचं लग्न ठरतं किंवा मोडतं. त्याचं माझं एक वाक्यही बोलणं झालेलं नव्हतं. पण कॉलनीला वाक्य लागत नसे.

चहा आला, बटाटेवडे आले, आणि पारख सुरू झाली.

"लेफ्ट आउटला लई दम हाय. गुडघे फुटले पोराचे."

मी लिहिलं, उत्तम स्टॅमिना.

"सेंटर फॉरवर्ड तर आपल्याच गटातला हाय, त्याचं काय बोलायचं?"

मी लिहिलं, टीम स्पिरिट.

"दोन गोल मारलं फौजेला! दोन!" चेअरमनसाहेब वड्याचा तुकडा हातात धरून म्हणाले. "फॉरवर्डची फळी हलवायची न्हाई. आता सेंटर हाफ बोला."

इस्त्रीवाले डायरेक्टर पुढे सरकले. "साहेब, तो उभाच असतो. चेंडू आला की मारतो, न्हाई आला की पुन्हा उभा. कपडे तुमी सोताच बघितले की. धोब्याकडं टाकायची गरज न्हाई."

"मग उभं राहायचा पगार द्यायचा व्हय आपण?" दुसरे म्हणाले. सगळे हसले.

"त्याच्या जागी माझा भाचा घ्या. लई पळतो. काल बाहेर बसून बसून दमला बिचारा."

"बसून दमला?"

"म्हंजी पळायला मिळालं न्हाई ना, साहेब!"

पुन्हा हशा. भाचा मी पाहिला होता. सरावात तो चेंडूच्या मागे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई आणि चेंडू नेहमी नुकताच तिथून निघालेला असे. धुळीच्या दृष्टीने मात्र त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं.

"ठरलं तर," चेअरमनसाहेब म्हणाले. "सेंटर हाफ बदला. त्याला बाकीच्या हंगामी लोकांबरोबर मोकळा करा. पोरी, लिही."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. या एका ओळीचं इंग्रजी किती सभ्य होईल, हे मला लिहायच्या आधीच दिसत होतं. खडी कुठे येणार नव्हती त्यात, इस्त्रीही येणार नव्हती. वाचणाऱ्याला वाटलं असतं, जाणकारांनी पूर्ण विचार केला आहे.

खिडकीतून मैदान दिसत होतं. तो एकटाच तिथे आदल्या दिवशीच्या खुर्च्या उचलत होता. त्या कामासाठीही कुणाच्या गटातलं पोरगं मिळालं नसावं.

दर मीटिंगच्या शेवटी चेअरमनसाहेब विचारत, "राहिलं का काही लिहायचं?" आणि मी "नो सर" म्हणत असे. माझं तेवढंच बोलणं मंडळाला ऐकून माहीत होतं. त्यांनी आताही विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चप्पल पायात सरकवली. इस्त्रीवाले डायरेक्टर शेवटचा वडा घ्यावा की नाही या विचारात होते.

गिरणी आठवली, वडील आठवले. माझं मराठी नेहमीसारखंच अडखळलं, पण या वेळी कुणी हसायच्या आत वाक्य पुरं झालं.

"हो साहेब. त्या दोन्ही गोलांना पास कुणी दिला, ते लिहायचं राहिलंय."