जाऊबाईंच्या पिठातले भुंगेरे

जाऊबाईंच्या ज्वारीच्या पिठात भुंगेरे निघाले, तेव्हा मी फटकन बोलून गेले, "दुधनीची ज्वारी ना? मग होणारच." दुधनी म्हणजे त्यांचं माहेर. भाऊ दरवर्षी पोतं पाठवतो आणि त्या ते कौतुकानं साऱ्या गल्लीला दाखवतात. माझी जीभच मेली आधी चालते. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई संध्याकाळच्या चहाला माझ्याकडे वर यायच्या बंद झाल्या.

आठ दिवस एकटीनं चहा प्यायले. बेचव लागायचा. तरी माघार घेईन ती मी कसली? जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. म्हटलं, भुंगेरे ज्वारीबरोबरच आले हे पुराव्यानिशी दाखवते. त्यांनी अंगणात टाकलेल्या पिठाच्या कोंड्यातून चार भुंगेरे उचलले आणि भिंगाखाली धरले.

पिठातले हे तपकिरी भुंगेरे ट्रायबोलियम वंशाचे. त्यातल्या दोन जाती इतक्या सारख्या, की प्रॅक्टिकलला मुली रडकुंडीला यायच्या. खूण मिशीत असते. आपल्याकडे नेहमी सापडतो त्या तांबड्या भुंगेऱ्याच्या मिशीची शेवटची तीन पेरं एकदम जाड होतात. दुसऱ्याची मिशी हळूहळू जाड होत जाते. तो थंड मुलखातला, सोलापुरात सहसा दिसत नाही.

चौघांच्याही मिशा हळूहळू जाड झालेल्या. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. हा दुसरा भुंगेरा तर माझ्याच फडताळात होता. निवृत्त होताना प्रयोगशाळेतली, पिठात पाळलेल्या या भुंगेऱ्यांची एक बरणी मी हौसेनं घरी आणली होती. बघते तर तिच्या तोंडाचं फडकं विरलेलं, आणि खालच्याच फळीवर आम्हा दोघींची मिळून एकच असलेली पिठाची चाळण.

गप्प बसले असते तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण मला राहवेना. भिंग घेऊन खाली गेले. "जाऊबाई, भुंगेरे माझ्या बरणीतले. मी उगाच बोलले तुम्हाला." मग मिशीची खूण समजावून सांगितली. त्यांनी भिंगाला डोळा लावून बराच वेळ पाहिलं. आता माझी चांगली हजेरी घेणार, असं वाटलं.

"म्हंजे आमच्या ज्वारीत काय न्हवतं की," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "भावाला सांगून बसले, औंदा पोतं पाठवू नको म्हणून."

फोन हातात घेऊन नंबर लावता लावता मला म्हणाल्या, "तू चहा टाक जा. आलेच मी वर."