निळ्या दारासमोरची अक्षया

अक्षयाला दारं आवडायची, आणि तीही लोकांची. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या जुन्या गल्ल्यांत दारांना असे एकेक रंग दिलेले असतात की दूध आणायला निघालेल्या माणसानं दूध विसरून दारंच बघत बसावं. रविवारी सकाळी गल्ली साखरझोपेत असायची. तेव्हा ही नवा कुर्ता घालून, नाहीतर आईनं पाठवलेली साडी नेसून, ट्रायपॉड काखोटीला मारून बाहेर पडायची. फोन लावायचा, टायमर सुरू करायचा, धावत जाऊन कुणाच्या तरी पायरीवर उभं राहायचं आणि सात पिढ्या इथेच गेल्यासारखं हसायचं. त्या धावण्यात जी मजा होती ती आठवडाभर सॉफ्टवेअर तपासण्यात कुठली यायला!

तिचं स्वतःचं दार मात्र फोटोत कधी आलं नाही. नागपूरहून ती आणि तिचा नवरा परीक्षित नोकरीसाठी इथे आले आणि हाय स्ट्रीटमागच्या एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहू लागले. खाली चिकन शॉप. दार मागच्या बोळात, कचऱ्याच्या बिन्सना खेटून. रंग एकेकाळी पांढरा असावा. त्याचा फोटो घरी पाठवायला ती काही वेडी नव्हती.

घोळ झाला तो निळ्या दारापाशी. पितळी कडी, वर जांभळ्या फुलांचा वेल, पायरीवर लॅव्हेंडरच्या कुंड्या. तिथला फोटो फॅमिली ग्रुपवर गेला आणि आईनं लिहिलं, "किती गोड घर आहे ना बाप्पा तुमचं." अक्षयानं खरं काय ते लिहायला घेतलं, पुसलं आणि नुसता एक हसरा चेहरा पाठवून दिला. खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती, फक्त खरं सांगायचं राहून गेलं. आईनं ते दार सगळ्या कॉलनीला दाखवलं. मग काय, वेल फुलला की फोटो, पानं गळली की फोटो, आणि दर खेपेला दार तेच.

अशात गावातल्या आर्ट सेंटरनं जाहीर केलं की आपल्या दारात उभं राहून आपला फोटो आपणच काढा, निवडलेले फोटो मोठे करून उन्हाळाभर हाय स्ट्रीटवर लावू. अक्षयाच्या अंगात वारं शिरलं.

"आपल्या दाराचा पाठव की," परीक्षित म्हणाला. "चिकन शॉपवाले विंग्ज फ्री देतील."

तिनं त्याच्या बोलण्याकडे काणाडोळा केला आणि निळं दार पाठवलं.

आणि ते निवडलं गेलं! ऑफिसात ईमेल वाचता वाचता तिनं अशी उडी मारली की शेजारचीचा चहा सांडला. तिकडे आईनं पेढे वाटले. ज्या गावात आपलं नाव धड उच्चारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्याच गावाच्या भर रस्त्यात आपण माणसाएवढ्या उंचीच्या लागणार, या कल्पनेनं तिचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. ते टेकले दुसऱ्या दिवशी दात घासताना. त्या रस्त्यानं निळ्या दाराची मालकीणही जाणार होती.

ऑफिसला दांडी मारून ती तिथे गेली आणि पहिल्यांदाच तिनं बेल वाजवली. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं.

"अरे, तू," त्या म्हणाल्या. "आज साडी नाही?"

अक्षयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तिनं सगळं सांगून टाकलं. मिसेस पार्सन्स, म्हणजे त्या बाई, हसतच सुटल्या.

"रविवारी तुझं आटपेपर्यंत मी कचऱ्याची पिशवी धरून पडद्याआड उभी असते. उगाच तुझा फोटो बिघडायला नको. असू दे तो. मी कुणाला सांगणार नाही, आणि माझं दार तरी मिरवेल."

सुटले बुवा, असं अक्षयाला वाटायला हवं होतं.

"फक्त एक," बाई म्हणाल्या. "तुझ्या फोटोत हे दार कधी उघडं नसतं."

"तुमचं आहे ना ते," अक्षया म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून चपापली. इतक्या हौसेनं आपली गोष्ट सांगत आलो, आणि त्या गोष्टीत आपणच पाहुण्या.

फूटपाथवरूनच तिनं आर्ट सेंटरला फोन लावला आणि फोटो बदलायचाय म्हणून सांगितलं. तिथली बाई म्हणाली, उद्या छपाईला जातंय, दुसरा फोटो आजच्या आज पाठवा.

ती धावत सुटली. अंगात कालचाच शर्ट, केस कसेतरी वर बांधलेले. बोळात तळणीचा वास दरवळत होता. दोन बिन्सच्या मध्ये ट्रायपॉड रोवून ती दारासमोर उभी राहिली आणि ठेवणीतलं हसली. फोटो निघाला तो दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या पाहुणीचा. मग पुन्हा टायमर लावला आणि सरळ किल्ली काढून कुलपात घातली. ओल धरून फुगलेलं ते दार नुसत्या किल्लीनं ऐकत नाही, त्याला खांदा लावावा लागतो. तिनं रोजच्यासारखा दणका दिला, दार उघडलं, आणि तिनं मागे वळून पाहिलं तेव्हा ती खरोखरच हसत होती. क्लिक.

फोटो सेंटरला गेला. मग तोच आईला पाठवून तिनं खाली लिहिलं, "आई, निळं दार आमचं नाही. हे आमचं."

आईचा व्हिडिओ कॉल आला.

"पेढे तर वाटून झाले," आई म्हणाली. "आता काय घरोघर जाऊन परत मागू?"

अक्षयाला हसावं की रडावं कळेना. आईनं तो फोटो परत उघडून निरखून पाहिला.

"त्या निळ्या दाराच्या आत काय आहे, हे मी तुला कधी विचारलंच नाही गं. सुचलंच नाही." मग ती जरा पुढे सरकून बसली. "हे उघडं आहे. चल, ने मला आत."

अक्षयानं फोन पुढे धरला आणि आईला घेऊन ती जिना चढू लागली.