दारामागची वही

गल्लीत घरफोड्या वाढल्या, तेव्हा पोलिसांनी रहिवाशांची बैठक घेतली. "एकटं कोण राहतं?" या प्रश्नावर फक्त शिवणकाम करणाऱ्या मावशींनी हात वर केला. मग हवालदार रोज दुपारी येऊन त्यांच्या दारामागे टांगलेल्या वहीत सही करू लागले.

"मावशी, आजही कडी उघडीच?"

"तुम्ही येणार होता ना!"

बोलणं एवढंच, पण त्यासाठी मावशी मशीन थांबवून केस विंचरून बसत.

महिन्याभराने चोर सापडला. हवालदार वही न्यायला आले.

"आता निर्धास्त राहा, मावशी."

"नक्की तोच होता ना?"

"मुद्देमालासकट धरलाय."

"वहीची बरीच पानं कोरी आहेत अजून," मावशी म्हणाल्या.

हवालदार हसले आणि वही घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी दाराला आतून कडी लावली.