कुलूपबाईंचा बाक

डूख धरावा तर आमच्या शाळेच्या समुपदेशक बाईंसारखा. नाग बारा वर्षांनी येऊन डसतो म्हणतात. या बाई एकतीस वर्षांनी डसल्या, आणि तेही फणा न काढता.

मुलं त्यांना कुलूपबाई म्हणतात. त्यांच्या खोलीत भिंतीला पत्र्याचे छोटे खण आहेत. एकेका खणात एकेका मुलाची वही, आणि किल्ली त्या मुलाकडे. तोंडानं सांगवत नाही ते लिहायचं. ते कुणाला दाखवायचं, की दाखवायचंच नाही, हेही मुलानंच ठरवायचं. आईबाप येवोत की मुख्याध्यापक, बाई ताकास तूर लागू देत नाहीत. अपवाद एकच. पोराच्या जिवाला धोका दिसला तर घरी सांगायचं, पण पोराला आधी कल्पना देऊन, त्याच्यासमोर.

मी या शाळेत कारकुनी करत म्हातारा झालो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली अडली, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पण या खोलीतून चार वर्षांत मला एक शिंकसुद्धा ऐकू आली नाही. एकदा पंख्याची तक्रार आली म्हणून मी स्वतः जाऊन बसलो. बाईंनी माझ्याकडून पंखा पुसून घेतला आणि दार दाखवलं.

ही कुलपांची पद्धत त्यांच्या डोक्यात कुठून आली, ते मला ठाऊक आहे. त्या सकाळी मी मैदानावर होतो.

तेव्हाच्या मुख्याध्यापकांना मुलं ‘कर्णा’ म्हणत. माईक बंद पडला तरी कुणाला कळू नये, असा आवाज. मनातल्या मनात वाचणं या माणसाला माहीतच नव्हतं. बदलीचा हुकूम असो की खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल, सगळं खणखणीत. एका पंधरा वर्षांच्या मुलीनं भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं होतं, ‘सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं.’ मुलगी महिनाभर जेवत नव्हती, वर्गात बसल्या बसल्या रडायची. कुणा शिक्षकानं ती वही सरांच्या हातात दिली, आणि सरांनी ती नऊशे मुलांसमोर वाचली. वर पुस्ती जोडली, ‘‘बाई गं, परीक्षेपुरते तरी उघड!’’

मैदान खदखदलं. मुलीला तीन दिवस केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं, नाटकं करते म्हणून. चौथ्या दिवशी ती शाळा सोडून गेली. त्यानंतरच्या सकाळी तिनं डोळे कसे उघडले असतील, ते आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी समुपदेशक म्हणून बाई रुजू झाल्या, तेव्हा अर्जावरचं अक्षर मी ओळखलं; ती भूगोलाची वही नंतर माझ्याच टेबलावर आली होती. बाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, मुख्याध्यापकांची जुनी केबिन, जी तेव्हा अडगळीची खोली झाली होती. दुसरी, बाहेरचा तो बाक.

सुतार म्हणाला, ‘‘बाई, याचा पाय हलतोय. नवीन देतो की.’’

‘‘हलू दे,’’ बाई म्हणाल्या.

आणि यंदा कर्णासर आले. निवृत्त, हातात काठी, सोबत नववीतली नात. मुलगा-सून परगावी नोकरीला, म्हणून पोरगी आजोबा आणि आत्याजवळ. दोन महिने ती घरात आपल्या खोलीबाहेर येत नव्हती. सर तिच्या पाठोपाठ आत शिरायला लागले.

‘‘बाई, ओळखलं नाहीत वाटतं? बावीस वर्षं याच खोलीत बसायचो मी.’’

‘‘म्हणून तर आज बाहेर बसा. बाक तुमच्या माहितीचा आहे.’’

दर गुरुवारी पाऊण तास सर त्या डुगडुगत्या बाकावर. येणारी-जाणारी मुलं बघायची, कोण हे शिक्षा झालेले आजोबा! तिसऱ्या गुरुवारी सर माझ्या टेबलाशी आले.

‘‘काय रे, काय बोलतात आत? तुझ्या कानावर काही?’’

‘‘सर, तुमचा काळ वेगळा होता,’’ मी म्हणालो. ‘‘तेव्हा सगळ्या शाळेच्या कानावर यायचं.’’

सर परत जाऊन बसले.

सहाव्या गुरुवारी दार उघडलं आणि बाईंनी त्यांना आत बोलावलं. पुढचं मला नातीनंच सांगितलं, ‘‘लिहा काका, पण माझं नाव नको,’’ या अटीवर. बाई तिला म्हणाल्या होत्या, ‘‘हे आता घरी सांगावंच लागेल. कसं, ते तू सांग.’’ ती म्हणाली, ‘‘मला सांगवणार नाही. त्यांनाच वाचू दे.’’ तिनं स्वतःच्या किल्लीनं खण उघडला आणि वही आजोबांना दिली.

सरांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सवयीनं सुरू केलं, ‘‘सकाळ झाली की मला...’’

‘‘मनातल्या मनात,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मला तसं नाही हो जमत...’’

‘‘जमवा.’’

आयुष्यात पहिल्यांदा कर्णा मुका झाला. पान संपल्यावर सरांनी वही मिटून नातीच्या हातात दिली. मग मान वर करून बाईंकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट.

नातीच्या कामात मात्र बाईंनी जुनं काही आड येऊ दिलं नाही. पोरीला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आत्याच्या ताब्यात, रात्रीबेरात्री फोन कुणाला करायचा, सगळं कागदावर लिहून दिलं. त्याच दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली. पोरगी आत्याला फोन लावायला बाहेर गेली. त्यानंतरचं मला पुढे सरांनीच सांगितलं. ते पुटपुटले, ‘‘ती वही... भूगोलाची... तुम्हीच ना? मला माफी...’’

‘‘गुरुवारची वेळ तुमच्या नातीची आहे. माफीसाठी इथे वेळ मिळत नाही.’’

‘‘मग कधी येऊ?’’

‘‘बाहेर बसा.’’

याला आठ महिने झाले. पोरगी अजून औषधं घेते, पण आता जेवते, हसते, परवा हजेरीच्या दिवसांवरून माझ्याशी कडाकडा भांडली. सायकलनं एकटी येते. तरी सर दर गुरुवारी येतात आणि बाकावर पेपर वाचतात, ओठ मिटून.

मला राहवलं नाही. म्हणालो, ‘‘बाई, म्हातारा झालाय माणूस. एकदा म्हणून टाका ना, माफ केलं.’’

‘‘मी कुठे त्यांना बांधून ठेवलंय?’’

‘‘तरी पण...’’

बाईंनी हातातली फाईल मिटली. ‘‘त्या सकाळी तुम्ही कुठे उभे होता?’’

‘‘घंटेपाशी.’’

‘‘हसला होतात?’’

हसलो होतो. चांगला पोट धरून हसलो होतो.

‘‘बाकावर दोघांची जागा आहे,’’ बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या गुरुवारी टेबल आवरून मी सरांशेजारी जाऊन बसलो. सर थोडे सरकले. पाय खरंच फार हलतो.