इसाबेलबाईंच्या पाण्याची पाळी

कॅलिफोर्नियात आमच्या सनीव्हेलमधली मंडळी चार दिवस सुट्टी मिळाली की लास वेगासला जातात आणि परत येऊन "फार कमर्शियल आहे यार" असं दुःखानं सांगतात. माझ्या बायकोला, वैदेहीला, इतिहास पाहायचा होता. म्हणून २००६च्या एप्रिलमध्ये आम्ही अल्बुकर्कीला उतरलो आणि भाड्याची गाडी घेऊन न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका जुन्या स्पॅनिश गावाकडे निघालो.

गावाच्या तोंडाशीच इतिहासाचा फलक होता. स्पेनच्या राजानं ही जमीन वसाहतवाल्यांना उदार मनानं बहाल केली, असं त्यावर लिहिलं होतं. त्याआधी ती कुणाची होती, हे लिहायला बहुधा जागा उरली नसावी. पुढे मातीच्या विटांची घरं, एक चर्च, सफरचंदाच्या बागा आणि त्यांच्यामधून गेलेला एक कोरडा चर. वैदेहीनं चर्चचे भरपूर फोटो काढले. चराचा एकही नाही.

आम्ही उतरलो इसाबेलबाईंकडे, त्यांच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत. वय सत्तरीचं, नवरा मागच्याच वर्षी गेलेला. जेवायला घेवडा आणि लाल मिरचीचा रस्सा होता. "आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला तिखट चालतं," असं मी त्यांना ऐटीत सांगितलं. दुसऱ्या घासाला कोल्हापूरची अब्रू माझ्या डोळ्यांतून वाहू लागली. बाईंनी दुधाचा पेला पुढे सरकवला.

तेवढ्यात फोन आला. त्यांच्या पुतण्यानं उद्याचं येणं कॅन्सल केलं होतं. बाई खुर्चीवर बसल्या आणि गुडघा चोळू लागल्या.

"बाहेर चर पाहिलात ना? ती असेकिया, आमचा पाट," त्या म्हणाल्या. "आमचे पूर्वज इथे आले तेव्हा त्यांनी आधी पाट खणला, मग चर्च बांधलं. देव थांबतो, मका थांबत नाही. दर वसंतात घरटी एक माणूस गाळ काढायला जातो. ज्या घरचं कुणी जात नाही, त्याला पाण्याची पाळी नाही. आजवर माझा नवरा जायचा. उद्या पुतण्या जाणार होता, आता मीच जाईन."

"मी जातो," मी म्हणालो.

वैदेहीनं मराठीत विचारलं, "तू? बाल्कनीतल्या तुळशीला पाणी मी घालते."

सकाळी पाटावर फावडी घेऊन गाव जमलं होतं. कामाचा प्रमुख रामोन हा इथला मायोर्दोमो (पाटकरी). त्यानं माझे पांढरे बूट निरखले. इसाबेलबाईंच्या खालच्या अंगाला शेत असलेला एलॉय मात्र लगेच म्हणाला, "हा टूरिस्ट आहे. घरचा माणूस पाहिजे." बाईंची पाळी चुकली की पाणी याच्या शेतात लवकर पोचणार होतं. नियमांवर माणसाचं उगाच प्रेम बसत नाही.

"माझ्या घरात झोपलाय, माझी मिरची खाऊन रडलाय," बाई म्हणाल्या. "आणखी काय हवं?"

रामोननं थोडा विचार केला. "वाटा पूर्ण केला तर पाळी मिळेल. अर्धा राहिला तर नाही."

काठीनं मोजून माझा वाटा आखून दिला गेला. कंपनीत मीही तुंबलेली कामं उपसतो. पण तिथला गाळ आपोआप पुढच्या तिमाहीत वाहून जातो. हा जागेवरच होता. दुपारपर्यंत तळहातांवर फोड आले आणि नेमकं माझ्याच वाट्यात विलोच्या झाडाचं एक जाड मूळ निघालं. बाकीचे आटपून जेवायला गेले. वैदेहीनं कॅमेरा काठावर ठेवला, कुणाचंतरी फावडं मागून घेतलं आणि ती खाली उतरली.

एलॉय काठावर बसून आमच्याकडे पाहत होता. आता याचं मन विरघळणार आणि हा मदतीला उतरणार, असं मला मनापासून वाटलं. त्यानं खिशातून सफरचंद काढलं आणि खायला सुरुवात केली.

शेवटी आम्हीच दोघांनी मूळ उपटलं आणि दोघंही चिखलात पडलो. रामोननं वाट्याचा तळ फावड्यानं तपासला. "इसाबेलची पाळी मंगळवारी," त्यानं सगळ्यांना सांगितलं.

एलॉय उठला. "मुळाच्या खड्ड्यापुढचा उंचवटा काढ. माझं पाणी अडेल." मी काढला.

संध्याकाळी पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली गेली. पाणी आलं ते वाळकी पानं आणि एक प्लास्टिकची बाटली पुढे ढकलत. इसाबेलबाई बागेच्या कडेला उभ्या होत्या. त्या कष्टानं वाकल्या, पाण्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला.

सनीव्हेलला परतल्यावर मित्रांनी काय पाहिलं म्हणून विचारलं. मी पट्ट्या बांधलेले हात दाखवले. त्यांनी घाईनं विषय वेगासच्या हॉटेलांकडे वळवला.

ऑगस्टमध्ये बाईंचा फोन आला. जर्दाळू थंडीनं गेले, मिरची मात्र झकास आली. मग म्हणाल्या, "सफाई एप्रिलच्या पहिल्या शनिवारी असते," आणि फोन ठेवला. येणार का, हे विचारलंच नाही.

"भेटू कधीतरी" अशी आमंत्रणं या देशात मला पुष्कळ मिळाली आहेत. वार सांगून बोलावणारं हे पहिलंच माणूस, आणि तेही गाळ उपसायला. मी वैदेहीला सांगितलं.

"गाडी मोठी घे," ती म्हणाली. "दोन फावडी मावली पाहिजेत."