कारभारी हे पद नव्हे

कारभारी डोळस यांना मी काका म्हणते. काका मूळचे करमाडचे. चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, कट्ट्यावर बसतात. काका रोज मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ लागले. आजारी नव्हते. एकदा भावाला, कडुबाला, तिथे दाखल केलं तेव्हा केसपेपर कुठे, रक्त कुठे, एक्स-रे कुठे या भानगडीत त्यांचा अख्खा दिवस गेला आणि शेवटी ते भलत्याच वॉर्डात भलत्याच माणसाच्या उशाशी जाऊन बसले. तेव्हापासून खेड्यातून आलेलं कोणी बावरलेलं दिसलं, की काका त्याची फाईल हातात घेतात. "चला. मी बी असाच हुकलो व्हतो."

आमच्या शेजारच्या दमयंतीबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या बहिणीच्या आजारपणात काका असेच भेटले आणि बाईंनी मनावर घेतलं, की या कामाची संस्था झाली पाहिजे. बाईंनी मनावर घेतलेलं काम शेजाऱ्यांना करावंच लागतं. त्या अध्यक्ष झाल्या, मी सचिव. संस्थेचं नाव 'सोबत'. काकांनी पद घ्यायला साफ नकार दिला. "पद नगं. नाव तेवढं टाका. नाव मातर पायजेच."

त्याला कारण होतं. दवाखान्यात दलालांचा सुळसुळाट झाल्याची ओरड होती आणि फाटकावरचे नवे रखवालदार काकांना त्यातलेच समजून हाकलू लागले होते. लोकांसाठी झिजणाऱ्या माणसाला कोणी 'ए दलाल' म्हणावं, याचा मला संताप यायचा. काकांना संताप येत नव्हता, ते घरी जाऊन गप्प बसत होते आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी कार्यालयातून सांगण्यात आलं, की संस्थेच्या लेटरपॅडवर अर्ज द्या. त्यावर ज्यांची नावं असतील त्यांना आत फिरू देऊ.

आता लेटरपॅड. बाईंचा भाचा मिहिर पुण्यात डिझाइनचं काम करतो. तो त्याला लेटरहेड म्हणायचा, आम्ही लेटरपॅड, आणि काका दोन्ही वेगवेगळे कागद समजून विचारायचे, "आधी कंचं छापायचं?" मिहिरने चार नमुने पाठवले. एकात दोन हात होते. काका म्हणाले, हे मत मागायला आल्यासारखं दिसतंय. एकात नुसता ठिपका होता. ठिपका म्हणजे माणूस, असं मिहिरचं म्हणणं. बाईंना वर 'श्री' हवं होतं, मिहिरला मोकळी जागा हवी होती. 'छत्रपती संभाजीनगर' पत्त्याच्या ओळीत मावेना, पिनकोड एकटाच खाली पडायचा. कोणाला काय हवंय हेच कोणाला कळेना. तिसऱ्या बैठकीपर्यंत तर मला 'सोबत' हा शब्दही चुकीचा वाटायला लागला होता.

शेवटी जागा व्हावी म्हणून मिहिरने सगळ्यांच्या नावामागचे श्री. आणि सौ. उडवले. "हल्ली कोणी लावत नाही, मावशी." पदं ठळक, नावं बारीक. आम्ही सगळ्यांनी ते तपासलं, मान डोलावली. काकांनी तर कागद लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "माझं नाव जाड केलं व्हय! कशाला उगंच." मला वाटलं, मिहिरला अक्कल आली.

कसली अक्कल! कारभारी हे माणसाचं नाव असतं, हे त्या पोराच्या गावीही नव्हतं.

अर्ज द्यायला काका आणि मी गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने कागद वाचला.

"मॅडम, तुम्ही सचिव, ठीक. ये कौन?"

"कारभारी," मी म्हणाले.

"ते पद झालं. नाव?"

"नावच कारभारी," काका म्हणाले.

"मग पद काय?"

"पद नाय. सदस्य."

"इथं तर लिहिलंय, कारभारी, बद्रीनाथ डोळस. बद्रीनाथ कोण?"

"माझे वडील."

"मग त्यांना पाठवा ना, काका."

"ते वारले."

रखवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच क्षणभर शंका आली. मी कागद ओढून घेतला. अध्यक्ष, दमयंती जोशी. सचिव, मंजुषा वाघ. कारभारी, बद्रीनाथ डोळस. आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासलेल्या कागदावर जिवंत माणसाचं पद झालं होतं आणि वारलेला माणूस कामाला लागला होता. काका कधी कागदाकडे बघत, कधी माझ्याकडे. "ताई, मंग मी ह्याच्यात हाय का नाय?" त्यांनी विचारलं. "आधार कार्ड आणलंय का, काका?" मी विचारलं.

काकांचं आधार कार्ड घरी होतं. त्यांनी फोन केला. द्वारकाकाकू रिक्षाने आल्या, घामाघूम, कार्ड पदराच्या गाठीत. नवऱ्याला फाटकाबाहेर चोरासारखं उभं पाहून त्या तडक रखवालदाराकडेच गेल्या.

"का रं बाबा, का अडवलं ह्यांना?"

"मावशी, आधी सांगा, हा माणूस कोण?"

काकू थबकल्या. त्यांच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बाकीच्या बायका 'आमचे कारभारी' म्हणून मोकळ्या होतात. काकूंची तीही सोय लग्नातच गेली. लग्नातला उखाणा सोडला तर त्यांनी जन्मभर 'शिवराजचे बाप' यावरच भागवलेलं. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कारभारी."

"नवरा आहे ते समजलं हो, मावशी," रखवालदार म्हणाला, "नाव सांगा, नाव."

"आरं मुडद्या, नावच घेतलं ना!" काकूंचा आवाज चिरकला. "इतक्या वर्सांत घेतलं नाय ते तुझ्यापायी भर रस्त्यात घेतलं, आन् तुला ते बी पुरंना?"

रांगेतलं कोणी हसलं नाही. काकूंनी गाठ सोडून कार्ड पुढे केलं. रखवालदाराने ते वाचलं, कागद वाचला, पुन्हा कार्ड वाचलं. "सही है," असं काहीसं पुटपुटत त्याने साखळी काढली. "जा काका. माफ करा."

काका हललेच नाहीत. ज्या फाटकासाठी एवढं रामायण झालं, ते उघडं होतं आणि हा माणूस बायकोकडे बघत उभा.

"आजून एकडाव म्हण की," ते हळूच म्हणाले.

"येड लागलं का?" काकू फणकारल्या आणि वळून रिक्षाकडे निघाल्या. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांनी मान बाहेर काढली आणि हाक मारली, "अवो कारभारी, जेवायला येळंवर या!"

मला रडू आवरलं नाही. काकांनी नुसती मान हलवली आणि आत गेले.